म्हातारे पेशंट म्हणतात ‘पायात त्राणच नाही’: साध्या ओपीडीत नक्की बघायचं काय आणि सांगायचं काय?

बाजारपेठ_डॉक

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो, निम्मी ओपीडी साठीच्या पुढची. बीपी, शुगर, गुडघे हे तर ठरलेलंच, पण या सगळ्यांच्या तोंडी आणखी एक तक्रार असते आणि तिला केस पेपरवर मी वर्षानुवर्षं ‘जनरल वीकनेस’ लिहून मोकळा होतो. पायात त्राण नाही, मांड्यांत जीव नाही, चालताना लटपटतं, वगैरे.

दोन पेशंट सांगतो म्हणजे कळेल. एक मामा आहेत बहात्तरीचे, शेतकरी, शुगर आहे पण कंट्रोल बरा. वजन फार उतरलेलं नाही, पण मांडीचं मांस पार झडलंय, धोतर सैल पडलं असं स्वतःच सांगतात, आणि शेतात उकिडवं बसले की उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. बाथरूममध्ये एकदा पडले पण, नशिबाने काही मोडलं नाही. दुसऱ्या एक आजी, त्या उलट चांगल्या जाड, पोट मोठं, पण हातापायाच्या काड्या. जिना चढायचा म्हटलं की कठड्याला धरून अर्ध्यात थांबतात. त्यांना बघून कोणी अशक्त म्हणणार नाही, सून तर म्हणते आई आळशीपणा करतात.

आता नातेवाईकांची मागणी काय तर ‘डॉक्टर ताकदीचं सलाईन लावा’, ‘ते ताकदीचं इंजेक्शन द्या’. नाही म्हटलं तर पुढच्या चौकात लावून मिळतं, त्यामुळे नाही म्हणण्यात तसा अर्थ नसतो.

सार्कोपेनिया, म्हणजे वयानुसार स्नायू आणि ताकद झडणं, याबद्दल वाचलंय थोडंफार, पण जिथे वाचावं तिथे स्नायू मोजायचा डेक्सा स्कॅन नाहीतर बीआयए मशीन. माझ्याकडे वजनकाटा, बीपी मशीन आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची आहे. पाच मिनिटांत एका पेशंटचं ओळखायचं कसं, हे वयाचं आहे की मागे दुसरा आजार दडलाय हे कसं ठरवायचं, आणि उपाय म्हणून सांगायचं काय जे हे लोक खरंच करतील? प्रोटीन पावडर लिहून देऊ का? किडनीची भीती वाटते. अनुभव असलेल्यांनी लिहा प्लीज, पुस्तकातलं नको.

जरावैद्य

डॉक्टर, तुमच्याकडे खुर्ची आहे ना, मग झालं की. थट्टा नाही करत. पण प्लॅस्टिकची नको, ती सरकते, लाकडी किंवा लोखंडी बिनहाताची घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवा. पेशंटला सांगा, दोन्ही हात छातीवर आडवे बांधा आणि शक्य तेवढ्या पटपट पाच वेळा पूर्ण उठा आणि बसा. मोबाईलवर वेळ लावा. सार्कोपेनियावरच्या आशियाई तज्ज्ञांच्या गटाच्या, म्हणजे एशियन ग्रुपच्या, २०१९ च्या निकषात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद-हालचाल कमी धरतात. युरोपवाले १५ च्या वर गेलं की धरतात, त्यामुळे दोन ठिकाणी दोन आकडे वाचून गोंधळू नका, आपल्याला एशियन लागू.

हा एशियन निकष तुमच्यासाठी बरा यासाठी की त्यात स्कॅन नसलेल्या दवाखान्याचा विचार केलाय. खुर्ची टेस्ट खराब किंवा हाताची पकड कमी, म्हणजे पुरुषात २८ किलोच्या आत आणि बाईत १८ च्या आत, एवढ्यावर ‘शक्यता आहे’ म्हणून व्यायाम-आहार लगेच सुरू करा, स्कॅनसाठी अडून बसू नका, असं त्यात सरळ म्हटलंय. स्नायू किती आहे हे मोजून निदान पक्कं करणं नंतर, मोठ्या सेंटरला, गरज वाटली तर. पकड मोजायचं डायनामोमीटर काही हजारात येतं, पण नसलं तरी काही अडत नाही.

टेप आहे का? पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. पुरुष ३४ सेमीच्या खाली, बाई ३३ च्या खाली, तर संशय घ्या. टेप पण नसेल तर पेशंटलाच सांगायचं, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी जोडून स्वतःच्या पोटरीभोवती कडं करा, जपानी लोक करतात हे. कडं सैल राहिलं तर पोटरी बारीक. पण पायाला सूज असेल किंवा तुमच्या आजींसारखी चरबी असेल तर टेप आणि कडं दोन्ही फसवतात, तिथे फक्त खुर्चीवर विश्वास ठेवा.

पाच प्रश्न पण विचारता येतात, सार्क-एफ म्हणतात त्याला. साडेचार-पाच किलोचं ओझं, म्हणजे पिठाची पिशवी समजा, उचलून नेता येते का, घरातल्या घरात चालताना आधार लागतो का, खुर्ची किंवा पलंगावरून उठताना त्रास होतो का, दहा पायऱ्या चढताना होतो का, आणि वर्षभरात किती वेळा पडलात. प्रत्येकाला ० ते २ मार्क, त्रास जास्त तसे मार्क जास्त, बेरीज ४ किंवा वर गेली की पुढे तपासा. हे कंपाउंडर सुद्धा बाहेर बसून भरून घेईल. एक मात्र आहे, ४ च्या खाली आलं म्हणून सोडून देऊ नका, हे प्रश्न बऱ्याच लोकांना पकडतच नाहीत. आपले म्हातारे ‘नाही हो, काही त्रास नाही’ म्हणतात आणि उठताना टेबलाला धरतात. त्यामुळे पेशंट आत येताना, बाकावरून उठताना, टेबलावर चढताना नजर ठेवा.

आता महत्त्वाचं. वय आहे म्हणून शिक्का मारायच्या आधी बघा. सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून जास्त आपोआप उतरलं असेल तर ते सार्कोपेनिया म्हणून फाईल बंद करू नका, टीबी, कॅन्सर, थायरॉईड, बेकाबू शुगर, डिप्रेशन शोधा. एकाच बाजूची मांडी झडली असेल, पाठीतून कळ जात असेल, स्नायू आपोआप फडफडत असतील, काही आठवड्यांत एकदम ताकद गेली असेल तर न्यूरोवाल्याकडे. खांदे आणि मांड्या दोन्ही अशक्त असतील आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असेल तर सीपीके, म्हणजे स्नायूला इजा दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. थायरॉईड, बी१२, व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन, एवढं मी करतोच. आणि गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांबद्दल न विसरता विचारा, त्यात स्टिरॉईड निघतं आणि मांड्या त्यानेच गळालेल्या असतात. ‘घेता का’ विचारलं तर कोणी हो म्हणत नाही, ‘कुठल्या गावाहून आणता’ असं विचारा, लगेच गावाचं नाव येतं.

तुमच्या जाड आजींबद्दल. आपल्याकडे हा प्रकार भरपूर आहे. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक यांनी ‘बारीक पण चरबीयुक्त भारतीय’ ही कल्पना मांडली, २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात त्यांचा आणि डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. म्हणजे वजनकाटा आपल्या लोकांचा स्नायू दाखवतच नाही. त्यावर वय चढलं, चरबी आणखी वाढली आणि स्नायू गेला की तुमच्या आजी तयार होतात. यांना नुसतं ‘वजन कमी करा’ सांगून जेवण तोडायला लावलं तर चरबीबरोबर उरलासुरला स्नायूही जातो. वजन कमी करायची नवी इंजेक्शनं घेणाऱ्यांचंही तेच, सत्तरीच्या माणसाला ती देताना व्यायाम आणि प्रोटीन सोबत नसेल तर पाय जातात.

सलाईनचं म्हणाल तर एका बाटली डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये, जेमतेम एका चपातीएवढी ताकद असते असं मी तोंडावर सांगतो, काही ऐकतात काही उठून जातात. नॅन्ड्रोलोन या स्नायू वाढवणाऱ्या स्टिरॉईडचं ‘ताकदीचं’ इंजेक्शन मात्र देऊच नका. पुरुषांत प्रोस्टेटचा प्रश्न, कोलेस्टेरॉल बिघडतं, पाणी धरतं. सार्कोपेनियासाठी मंजूर असं एकही औषध आज बाजारात नाही. बिमॅग्रुमॅब नावाच्या औषधाचा अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात स्नायू वाढला पण चालणं-उठणं डमी इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा जास्त सुधारलं नाही, कारण व्यायाम आणि आहार दोन्ही गटांना दिला होता आणि दोन्ही गट सुधारले. काय ते समजून घ्या.

सकाळी_पाचला

डॉक्टर नाही मी, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. वय झालं की ताकद जाणारच, त्याला इंग्रजी नाव दिलं की आजार झाला का? आमचे वडील अठ्ठ्याहत्तरचे, रोज सकाळी ५ किमी चालतात, वरण-भात खातात, ना जिम ना पावडर. लोकांनी चालायला सुरुवात केली तर निम्मे दवाखाने बंद पडतील. आता म्हाताऱ्यांना पण वजनं उचलायला लावणार का, हर्निया झाला तर कोण बघणार?

फिजिओ_कोल्हापूर

@सकाळी_पाचला दादा, वडिलांना नमस्कार सांगा आणि चालणं चालूच ठेवा, हृदयाला, शुगरला, मनाला उत्तमच आहे. पण एक करून बघा, त्यांना हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला लावा आणि सेकंद मोजा. रोज चालणारे कितीतरी काका माझ्याकडे येतात ज्यांना सपाट रस्त्यावर काही अडचण नाही पण एसटीची पायरी चढवत नाही. कारण असं की वयानुसार आधी जातात ते झटका देणारे, वेगाने ताकद लावणारे तंतू, त्यांना टाईप टू म्हणतात, आणि त्यांना चालवणाऱ्या नसाही कमी होतात. ठेच लागल्यावर तोल सावरायला हेच तंतू लागतात. सपाटीवर रमतगमत चालण्यात यांच्यावर भारच येत नाही. भार टाकल्याशिवाय ते राहत नाहीत, एवढंच आहे ते.

आणि म्हाताऱ्यांना वजनं उचलायला लावायची का, तर हो. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात फियाटारोन बाईंनी नव्वदीच्या दहा लोकांना आठ आठवडे पायाचा वजनाचा व्यायाम दिला, हलका नाही, चांगला जड, आणि ज्यांनी पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मग १९९४ मध्ये त्यांनीच शंभर जणांवर मोठा अभ्यास केला, कोणाला व्यायाम, कोणाला पौष्टिक पेय, कोणाला दोन्ही. व्यायामवाल्यांची ताकद दुपटीच्या वर गेली, चालण्याचा वेग, जिना चढणं सुधारलं. नुसतं पेय प्यायलेल्यांना काही फरक नाही. पावडरचा डबा घेऊन घरी बसणाऱ्यांसाठी मी हे मुद्दाम सांगत असते.

@बाजारपेठ_डॉक सर, आता तुमचा प्रश्न, लोक खरंच करतील असं काय. जिम विसरा. मी चार गोष्टींवर आणलंय. पहिलं खुर्चीतून उठणं-बसणं, जी टेस्ट तोच व्यायाम. दुसरं ओट्याला धरून टाचा वर, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत उभंच असतात नाहीतरी. तिसरं घराची खालची पायरी, एक पाय वर ठेवायचा आणि त्याच पायाच्या ताकदीवर अंग वर घ्यायचं, भिंतीला हात लावून. चौथं हात, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या किंवा पिशवीत तांदूळ भरून कोपरातून उचलायचं, आणि भिंतीवर हात टेकून भिंत-दंड. आठवड्यात दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस आराम, प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या.

पण सगळं पाणी मुरतं ते इथे, की लोक तेच तेच सोपं महिनोन्महिने करत राहतात. बारा वेळा आरामात व्हायला लागलं की वाढवायचं. खुर्ची थोडी बुटकी घ्या, हातात दोन किलोची पिशवी धरा, किंवा बसताना सावकाश चार अंक मोजत बसा. शेवटचे दोन-तीन वेळा जड गेले पाहिजेत, दहापैकी सहा-सात एवढे कष्ट. तोंडाने बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, असं सांगते मी. श्वास रोखायचा नाही, उठताना फू करून सोडायचा, हर्निया आणि बीपीची भीती मुख्यतः श्वास कोंडण्यात आहे. छातीत दुखणारे, बीपी फार वर असणारे, नुकतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, त्यांना आधी तुमची परवानगी. आणि दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘व्यायामाने दुखणं वाढलं’ म्हणून सुटतात.

तोल सांभाळायचं पण थोडं घ्या, ओट्याला बोट लावून एका पायावर उभं राहणं, एकापुढे एक पाऊल टाकत चालणं. आणि घरी गेल्यावर बाथरूममधली ओली फरशी, उंबऱ्याजवळची पायपुसणी, रात्रीचा दिवा हे बघायला सुनेला सांगा.

आहार_वहिनी

डाएटिशियन आहे, ट्रस्टच्या दवाखान्यात बसते, त्यामुळे माझे पेशंट म्हणजे बाजारपेठ_डॉक सरांच्या आजींच्या चुलत बहिणीच.

एका आजींचा दिवस मी लिहून घेतला होता तो असा: सकाळी चहा-खारी, दहाला परत चहा, दुपारी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पातळ आमटी, चारला चहा, रात्री मऊ भात आणि ताक. पोट भरलेलं, तब्येतीला जड काही नाही, घरच्यांना वाटतं छान सात्त्विक जेवण आहे. मोजलं तर प्रोटीन जेमतेम ३०-३५ ग्रॅम. त्यांचं वजन ५५ किलो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा सर्वसाधारण प्रौढांचा आकडा वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम आहे, तोही भरत नाही, आणि वयस्कांसाठी तज्ज्ञ मंडळी १ ते १.२ सांगतात, आजारी किंवा आजारातून उठलेल्यांसाठी १.२ ते १.५. म्हणजे आजींना ५५-६५ तरी हवं. वय झाल्यावर तेवढ्याच प्रोटीनला स्नायू पूर्वीसारखी दाद देत नाही, म्हणून तरुणापेक्षा जास्त लागतं. आपल्याकडे समज उलटा, की म्हातारपणी हलकं खावं.

दुसरी गोष्ट, वाटणी. एका जेवणात २५ ग्रॅमच्या आसपास पडलं तर स्नायू बांधायला चांगली चालना मिळते. आणि आपला सकाळचा भाग कोरडाच असतो, पोहे-उपमा-खारी. म्हणून मी सगळं सोडून नाश्त्याच्या मागे लागते. मूगडाळीची दोन धिरडी आणि वाटीभर दही घेतलं की १५-१७ ग्रॅमपर्यंत जातं. अंडी खात असतील तर प्रत्येकी ६ ग्रॅम, दोन खा आणि पिवळ्याला घाबरू नका. मूठभर शेंगदाणे ७-८ ग्रॅम, चावत नसतील तर कूट करून भाजीत, दह्यात. पनीर ५० ग्रॅम म्हणजे ९. सोयाचे वडे २५ ग्रॅम कोरडे मोजून भिजवले तर १२-१३, ते मिक्सरला फिरवून पिठल्यात किंवा आमटीत गेले तर कोणाला कळत पण नाही. मासे खाणाऱ्यांची तर चैनच आहे, शंभर ग्रॅमला १८-२०, कोकणातल्या आज्या याबाबतीत जरा बऱ्या सापडतात, पण तिथेही रस्सा आजीला आणि तुकडी नातवाला असं चालतं. आमटीतही तेच, वरचं पाणी आजीच्या ताटात, खालची डाळ पोरांना. घट्ट वरण द्या हे सुनेला नाही, मुलाला सांगायचं, मग जास्त उपयोग होतो असा माझा अनुभव!

ताक म्हणजे दही नव्हे. पातळ ताकाच्या पेल्यात दोन-तीन ग्रॅम असतं.

उपवास. आठवड्यात सोमवार, गुरुवार, मग एकादशी, चतुर्थी, आणि त्या दिवशी साबुदाणा, ज्यात प्रोटीन जवळपास नाहीच. उपास सोडा म्हणायचं धाडस मी करत नाही आणि करायची गरज पण नाही. भगर आणि शेंगदाण्याची घट्ट आमटी, दही, दूध, राजगिरा, पनीर, सगळं उपासाला चालतं. फक्त खिचडी आणि वेफर्सवर दिवस काढू नका, एवढंच.

दात बघा हो डॉक्टर. कवळी सैल झालेली असते, दाणे-डाळ-भाकरी सगळं सुटत जातं आणि मऊ भात उरतो, कोणी विचारत नाही. एकटी राहणारी माणसं, विशेषतः जोडीदार गेलेली, ‘माझ्या एकटीसाठी काय करायचं’ म्हणून चहा-पोळीवर भागवतात. तिथे पावडर लिहून काही होत नाही, डबा लावून द्यावा लागतो.

पावडरबद्दल: जेवणातून भरत नसेल, भूक मेली असेल, दवाखान्यातून उठून आले असतील तर व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) चा एक स्कूप, २० ग्रॅमच्या वर प्रोटीन देतो, चालेल. पण डब्यावरचं लेबल वाचा, ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत साखर जास्त आणि प्रोटीन नावाला. त्यापेक्षा दुधात दोन मोठे चमचे स्किम्ड मिल्क पावडर घाला, पाचेक ग्रॅम वाढतं आणि स्वस्त.

जरावैद्य

आहार_वहिनींच्या पोस्टला किडनीचं जोडतो, डॉक्टरांनी विचारलं होतं. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, ३० च्या खाली आहे आणि डायलिसिस चालू नाही, अशांना प्रोटीन आपल्या मनाने वाढवायचं नाही, नेफ्रोवाल्याला विचारा. डायलिसिसवाल्यांना उलट जास्तच लागतं. बाकी साध्या वयस्काला १.२ ने किडनी जात नाही.

पण गंमत वेगळीच आहे. किडनीसाठी रक्तात जे क्रिएटिनिन बघतो ते तयारच होतं स्नायूतून. ज्याचा स्नायू झडलाय त्याचं क्रिएटिनिन ०.७ येतं आणि आपण म्हणतो किडनी फर्स्टक्लास, प्रत्यक्षात ती अर्धी पण काम करत नसते. मग त्याच भरवशावर पेनकिलर आणि अँटिबायोटिकचे पूर्ण डोस जातात. शंका आली तर स्नायूवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची तपासणी, सिस्टॅटिन सी, करा, जिल्ह्याच्या लॅबला होतं. ताकदीसाठी क्रिएटिनची पावडर घेणाऱ्यांचं उलट, रिपोर्ट जरा वर दिसतो आणि घाबरायला होतं. हो, क्रिएटिनचा व्यायामासोबत थोडा फायदा दिसलाय, व्यायामाशिवाय फार नाही, मी कोणाकोणाला देतो, सगळ्यांना नाही.

आणि ६०,००० युनिटच्या व्हिटॅमिन डी च्या पुड्या. कमतरता असेल तर आठवड्याला एक, आठ आठवडे, मग थांबून विचार करा. आपल्याकडे एकदा सुरू झाली की पुडी पिढ्यानपिढ्या चालते. झुरिकला सत्तरीच्या वरच्या, आधी पडलेल्या लोकांना महिन्याला ६०,००० दिलं, २०१६ मध्ये छापून आलं, तर पडण्याचं प्रमाण कमी डोसवाल्यांपेक्षा वाढलेलं निघालं, ६६.९ टक्के विरुद्ध ४७.९. पडू नये म्हणून दिलेल्या गोष्टीने माणूस जास्त पडला.

नाशिकची_लेक

इथे सगळे डॉक्टर लोक दिसतात, मी घरची बाजू लिहिते. आईला न्यूमोनिया झाला, ॲडमिट होती, छाती छान बरी झाली. पण घरी आणली तर कमोडवरून उठता येईना. जायच्या आधी स्वतः बाजारातून भाजी आणणारी बाई. डिस्चार्जच्या कागदावर सगळी औषधं होती आणि खाली ‘कम्प्लीट बेड रेस्ट’. चालवा, बसवा, कोणी एक शब्द नाही. आम्ही पण शहाणे, लघवीला उठू दिलं नाही, डायपर लावले, सगळं हातात.

नंतर एका फिजिओ ताईंनी सांगितलं की निरोगी वयस्क लोकांना नुसतं दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं होतं अभ्यासासाठी, तर पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. निरोगी लोकांचा! आईला तर ताप, भूक नाही, वर वय. त्या म्हणाल्या पलंगावर पडल्या पडल्या पण चालू करा, गुडघ्याखाली टॉवेल ठेवून दाबणं, पाय सरळ उचलणं, आणि जेवण खुर्चीत बसूनच, पलंगावर नाही.

आई ऐकायला तयार नाही. ‘मला काय आता पैलवान व्हायचंय का’. शेवटी युक्ती निघाली ती टीव्हीने. संध्याकाळच्या मालिका ती चुकवत नाही, तर ठरवलं की जाहिराती लागल्या की उठ-बस, मालिका सुरू झाली की आराम. एका ब्रेकमध्ये आधी दोनदा व्हायचं, हाताने दाबून, मग हात सुटले. आता ती स्वतःच ‘जाहिरात लागली गं’ ओरडते आणि बाबांना पण उठवते. भाजीला परत जायला लागलीय, पिशवी मात्र अजून मीच धरते, आणि त्यावरून रोज वाद.

बाजारपेठ_डॉक

काय बोलू, केस पेपरच्या मागे प्रिंट काढून ठेवणार आहे हे सगळं. लाकडी खुर्ची आणलीय. मामांना करायला लावलं, १२ सेकंदांच्या पुढे गेले आणि त्यांना स्वतःला पण धक्का बसला, कारण शेतात काम करणारा माणूस स्वतःला ताकदवान समजत असतो. बी१२ बरंच खाली निघालं त्यांचं, शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिने बी१२ उतरतं, तेही भरून काढतोय. सलाईनबद्दल काही बोललोच नाही, खुर्चीच्या नादात त्यांनी मागितलंच नाही.

आजींचं मात्र अडलं. गुडघे झिजलेत दोन्ही, हात सोडून एकदा पण उठता आलं नाही. टेस्ट लिहायची कशी आणि व्यायाम द्यायचा कसा? टाचा वर करा म्हटलं तर म्हणाल्या चक्कर येईल.

फिजिओ_कोल्हापूर

सर, ‘हाताशिवाय उठता येत नाही’ हेच लिहा, सेकंदांपेक्षा ते जास्त बोलकं आहे. दुखण्यामुळे उठत नाहीत की ताकदीमुळे हे बघायचं असेल तर खुर्चीवर दोन गोधड्या घडी घालून ठेवा, उंची वाढली की गुडघ्यावर ताण कमी येतो. त्या उंचीवरून उठल्या तर तिथूनच सुरुवात, आठ-दहा वेळा सहज झालं की एक घडी काढायची, मग दुसरी. त्याआधी बसूनच पाय सरळ करून पाच अंक धरून ठेवणं, ते गुडघेवाल्यांना सोसतं. पायाला अर्धा किलोची वाळूची पिशवी बांधली की झालं, शिंपी शिवून देतो.

चक्करेचं मनावर घ्या, उभं राहिल्यावर बीपी बघा एकदा, झोपून आणि मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. बीपीच्या दोन गोळ्या असतील आणि वरचा आकडा २० ने पडत असेल तर आधी गोळ्यांचं बघा, टाचा नंतर. आणि सुनेला पुढच्या वेळी आत बोलवा, खुर्ची टेस्ट तिच्यासमोर करा. आळशीपणाचं ती परत म्हणणार नाही.

बारा आठवड्यांनी परत मोजा, वजनावर जाऊ नका, ते हलणार नाही कदाचित. कोल्हापूर जवळ असेल तर पाठवून द्या त्यांना एकदा, मंगळवार सोडून कधीही.